आतल्या प्रश्नातलं गाव

आमच्या भागात ‘गाव कोणतं?’ असं विचारलं की माणूस आपला पत्ता सांगत नाही. पांढुर्ण्यात स्टेशनमागे जन्मलेला, तिथल्याच नळाचं पाणी पिऊन मोठा झालेला माणूसही आपल्या आजोबाच्या गावाचं नाव सांगतो, आणि विचारणाऱ्यालाही तेच हवं असतं. ‘राहता कुठं?’ हा वेगळा प्रश्न. घरी सोयरीक घेऊन यायचं असेल किंवा उधारी मागायची असेल, तरच तो विचारतात. मीही याच मातीतली. पांढुर्ण्यात जन्मले, तिथेच शिकले, पण कोणी गाव विचारलं की सौंसर आणि लोधीखेड्याच्या मधल्या, नाल्यापलीकडच्या एका गावाचं नाव सांगायची. त्या गावात मी तोवर एक रात्रही काढली नव्हती. ते नाव इथे लिहीत नाही, कारण लिहूनही कोणाला ओळखू येणार नाही.

माझे बाबा तिथले. बाबांच्या तरुणपणी एका पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि रपटा वाहून गेला. रपटा म्हणजे पाणी वरून जाऊ देणारा बुटका दगडी पूल, आमच्याकडे नाल्यानाल्यावर असतो. तो गेला आणि पावसाळाभर गाव तुटलं. मास्तर यायचे थांबले, मग पोरांसाठी चार घरं सौंसरला गेली, मजुरीवाले बोरगावकडे सरकले, संत्र्याची बाग असलेल्यांनी लोधीखेड्यात घरं बांधली. रपटा पुढे दुरुस्त झाला, पण तोवर गावात बुद्धविहार, त्याच्यासमोरचा पिंपळ, एक विहीर आणि तीन-चार हट्टी म्हातारी घरं तेवढी उरली होती. बाबांना पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत पाणी सोडायची नोकरी लागली. लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून ते पहाटे निघत आणि गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह खोलत. अख्ख्या वार्डाच्या बायका त्यांची वाट पाहत असत, आणि हे मात्र घरी येऊन पहिला घोट घेतला की तोंड वाकडं करत.

‘आपल्या हिरीचं पानी म्हंजे...’ असं ते सुरू करत.

‘मंग त्या हिरीसंगच लगन लावाचं होतं,’ आई म्हणे.

हा संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की बाबांनी तोंड वाकडं केलं की पुढचं वाक्य मीच म्हणून टाकायची. आई तरी ते पुन्हा म्हणायचीच.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नागपूरला मामाकडे राहून मी कॉम्प्युटर शिकले होते आणि बोरगावच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली होती. सौंसरला खोली घेतली. शनिवारी संध्याकाळी पांढुर्ण्याची गाडी धरायची, तर तिच्यात जामसावळीच्या मारुतीला जाणाऱ्यांची एवढी गर्दी की जामसावळी येईपर्यंत एका पायावर आणि तिथून पुढे ऐसपैस. सोमवारी पहाटे परत.

कारखान्यातली कॉम्प्युटरची खोली हे एक देवघरच होतं. चपला बाहेर काढायच्या, पडदा सारून आत जायचं, दार लगेच लावून घ्यायचं. मशीनला गारवा लागतो म्हणून एसी असा चालवायचे की वैशाखातही मी अंगात स्वेटर घालून बसे. बाहेर आले की कामगार बाया हसत, ‘पोट्टीले थंडीताप आला काय वो?’ आत मी, काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं आणि इंग्रजीतलं एक जाडजूड पुस्तक. नागपूरहून एक सर आठवडाभर शिकवायला आले होते, ते गेल्यावर मी आणि पुस्तक दोघंच उरलो.

कारखान्यातल्या सगळ्या माणसांची माहिती मशीनमध्ये भरायचं काम माझ्याकडे होतं. फॉर्मवर नाव, वय, खातं, पाळी आणि गाव. माणसामागे एक ओळ. अशा सगळ्या ओळी मिळून जे होतं त्याला टेबल म्हणायचं. मग त्या टेबलाला प्रश्न विचारायचे. सरांनी मला दोन गोष्टी नीट शिकवल्या होत्या. एक, ग्रुप करणं. म्हणजे मशीनला सांगायचं की गावागावाप्रमाणे माणसांचे ढीग कर आणि प्रत्येक ढिगात किती ते मोज. संत्र्याच्या हंगामात पांढुर्ण्याला मंडीत बाया बसून मोठं, मधलं, बारीक असे ढीग लावतात, तसंच. दुसरी गोष्ट सबक्वेरी, म्हणजे प्रश्नाच्या पोटात प्रश्न. मशीन आधी पोटातल्या प्रश्नाचं उत्तर काढतं आणि ते हाताशी धरून बाहेरच्या प्रश्नाला भिडतं. सर म्हणायचे, बाहेरचं उत्तर चुकलंसं वाटलं तर आतला प्रश्न आधी एकटा चालवून बघ, आत काय आहे ते डोळ्यांनी पाहा, मग बोल. ही सवय मला जन्माची लागली.

त्या हिवाळ्यात साहेबांनी ठरवलं की सकाळच्या पाळीसाठी कारखान्याची स्वतःची बस सुरू करायची. साहेब दूरच्या राज्यातले, हिंदी बोलणारे, स्वभावाने मोकळे, आणि नव्या मशीनवर त्यांचा भारी जीव. बस सगळ्या गावांना जाणं शक्य नव्हतं. प्रत्येक जण आपलं गाव पुढे करू लागला तेव्हा ते म्हणाले, भांडू नका, मशीनलाच विचारू. ज्या गावात सरासरीपेक्षा जास्त कामगार आहेत तिथे बस जाईल. आणि मला म्हणाले, ‘निकालो.’

निकालो म्हणणं सोपं होतं. आतला प्रश्न असा की गावाप्रमाणे ढीग कर, प्रत्येक ढीग मोज, आणि त्या सगळ्या मोजमापांची सरासरी काढ. बाहेरचा असा की पुन्हा ढीग कर, आणि जे ढीग त्या सरासरीहून मोठे आहेत तेवढेच दाखव. मी ते लिहिलं आणि मशीनने तोंडावर फेकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फेकलं. दुपारपर्यंत आमचं असं चाललं. शेवटी पुस्तकात सापडलं की अट मी चुकीच्या जागी घातली होती. ‘व्हेअर’ नावाची अट एकेका माणसाला लागते, ढीग व्हायच्या आधी. ढीग किती मोठा हे एकट्या माणसाला विचारून कसं कळणार? त्यासाठी ‘हॅविंग’ नावाची वेगळी अट असते, ती ढीग लागल्यावर ढिगाला विचारतात. तेवढं बदललं आणि पडद्यावर गावं उमटली. सौंसर होतं, लोधीखेडा होतं, बोरगाव तर असणारच होतं. आणि त्यांच्यात आमचं गाव होतं.

मला आधी वाटलं, मी काहीतरी घोळ घातला. सरांनी सांगितल्याप्रमाणे आतला प्रश्न एकटा चालवला, नुसते ढीग पाहिले. आमच्या गावाचा ढीग लोधीखेड्याच्या ढिगाला लागून होता, चांगला भरलेला. मग त्यातली माणसं कोण ते पाहिलं. सगळी ओळखीची. सौंसरला राहणारे, लोधीखेड्याचे, बोरगावात खोली करून असलेले. त्या सगळ्यांचे फॉर्म मी स्वतः टाइप केले होते, पण एकेक ओळ भरताना काही जाणवलं नव्हतं, कारण गाव विचारलं तर हेच सांगायचं असतं. माझ्या स्वतःच्या ओळीतही तेच होतं. रपटा वाहून गेल्यापासून जी माणसं चार दिशांना पांगली ती कधी लग्नातसुद्धा सगळी मिळून एका मांडवात आली नव्हती, आणि मशीनने एका ओळीच्या हुकमाने ती गोळा करून माझ्यासमोर बसवली. मला रडू आलं. एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून, चपला बाहेर काढून मी रडत बसले होते, आणि बाहेरून साहेब विचारत होते, ‘निकला क्या?’

मी त्यांना सरळ सांगितलं की या गावात कोणी राहत नाही, हे लोकांचं मूळ गाव आहे. ते हसले. तुझ्या गावाचं नाव आलं म्हणून तुला संकोच वाटतोय असं त्यांना वाटलं. ‘अरे, कंप्यूटर झूठ बोलेगा?’ म्हणाले आणि सही केली. मशीन खोटं बोललं नव्हतंच. आम्ही गाव विचारलं, त्याने गाव सांगितलं.

शनिवारी घरी जाऊन मी ही गंमत म्हणून सांगितली. आई हसली. बाबा हसले नाहीत. ते त्याच महिन्याअखेर रिटायर व्हायचे होते. हातातला पेला खाली ठेवून म्हणाले, ‘गाडी जाऊन राहिली म्हंते?’

‘हो बाबा, पण रिकामी जाईल ना ती.’

‘जाऊ दे ना रिकामी. गाडी गेली तं मानसं येतीन. मानसं गेली तेबी रस्ता तुटला म्हनूनच तं गेली.’

‘काही येत नाहीत,’ आई म्हणाली. ‘तिथं नळ हाये का?’

‘हीर हाये!’

मग जे कधी बोलले नव्हते ते बाबा बोलले. रिटायर झाल्यावर त्यांना गावात जाऊन राहायचं होतं. किती वर्षांपासून हे मनात होतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. विहिरीची, पिंपळाची थट्टा रोज चाले, पण माणूस खरंच तिथे जाऊन राहू मागतो हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. ते आईकडे न बघता बोलत होते. आईने त्यांचा पेला उचलून मोरीत नेऊन ठेवला. मग तिने तिच्या पद्धतीने होकार दिला, ‘गाडी येते तवापर्यंत राहा. दुखलंखुपलं तं गाडीत बसून येता येईन. गाडी बंद झाली का त्याच दिवशी गुमान घरी या. मले तिथं एकट्या मानसाची काळजी करत बसाची नाही.’

बाबांनी मान डोलावली. रिकामी बस किती दिवस चालते हे मला मात्र कळत होतं.

बाबांनी चैत्रात घर शाकारून घेतलं. भिंती उभ्या होत्या, छप्पर बसलं होतं. लाकडाचे नवे फाटे घातले, जुने धड कवेलू, म्हणजे मातीची कौलं, निवडून काढले, कमी पडले तेवढे सौंसरहून आणले. अंगण सारवायला विहिरीपल्याडची म्हातारी आली आणि बाबांना शिव्या देत देत तिने सगळं अंगण एकटीने सारवलं, ‘आता आला काय रे, आमी मरायले टेकलो तवा?’ बाबा एवढे खूश की त्या शिव्यासुद्धा त्यांनी मला दोनदा सांगितल्या.

बस सुरू झाली. सकाळी ती गावात येई, ड्रायव्हर हॉर्न वाजवी, पिंपळाखाली बाबा उभे असत आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन आत चढत. बाकी कोणी नाही. ड्रायव्हर मला म्हणाला, ‘बाई, तुमच्या गावात हॉर्न वाजवला का बगळे उडते अन् तुमचे बाबा हात करते. अजून काई होत नाही.’

पण संध्याकाळी वेगळंच घडायला लागलं. पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकाशी बस उभी असे, पाटीवर आमच्या गावाचं नाव. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी ते नाव पाटीवर पाहत होतं. पहिल्या दिवशी लोक नुसते उभे राहून वाचून गेले. दुसऱ्या दिवशी एक फिटर चढला, सौंसरला राहणारा. मग दोघं, मग चौघं, आणि मग रोज गाडी गच्च भरू लागली. गावात उतरायचे, आपापल्या पडलेल्या घराच्या जोत्यावर जाऊन बसायचे, विहारात दिवा लावायचे, विहिरीचं पाणी शेंदून प्यायचे आणि दिवस बुडता बुडता नाला ओलांडून पायी सडकेला लागायचे. काही जण तर सकाळीच सायकल बसच्या टपावर टाकून ठेवत, परत जायला. बायांनी डब्यातली उरलेली भाकर आणून पिंपळाखाली बसून खाल्ली. बाबा प्रत्येकाला विहिरीचं पाणी पाजत. आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी सोडलं, पण मनासारखं पाणी पाजायला आत्ता मिळत होतं.

मीही जायची. एका संध्याकाळी माझ्या वयाची एक मुलगी, पॅकिंग खात्यातली, गवताने भरलेल्या एका चौकोनात उभी राहून मला म्हणाली, ‘माही माय म्हंते इथं चूल होती.’ तिने आधी कधी हे गाव पाहिलं नव्हतं. तिच्याही फॉर्मवर तेच गाव होतं. आम्ही दोघींनी मिळून चुलीची जागा शोधली. सापडली की नाही कोण जाणे, पण काळपट माती लागली तेव्हा ती तिथेच बसली.

हे असं कुठवर चालणार? हिशेबनीस साहेबांकडे गेला. सकाळी बस रिकामी येते, संध्याकाळी भरून जाते. साहेब चक्रावले. मला बोलावून म्हणाले, या गावात रोज एवढी माणसं जातात आणि सकाळी एकही निघत नाही, मग ती जातात कुठे? मी पुन्हा सगळं समजावलं. या वेळी त्यांनी ऐकलं. चिडले नाहीत, उलट उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बघत राहिले. त्यांचंही काही गाव असेलच कुठेतरी. पण बस डिझेलवर चालते. त्यांनी नवा फॉर्म काढायला सांगितला. त्यावर ‘गाव’ हा रकाना नव्हता. ‘सध्या कुठे राहता’ असा होता. महिनाअखेरीस सगळे फॉर्म आले की तोच प्रश्न पुन्हा चालवायचा आणि रूट कायमचे ठरवायचे.

फॉर्म येत गेले, मी भरत गेले. माझा तेवढा बाजूला ठेवला. माझा सोडून बाकी सगळे फॉर्म भरून झाल्यावर मी बाहेरचा प्रश्न चालवून यादी पाहिली आणि मग आतला प्रश्न चालवला. ढीग उमटत गेले, अक्षरांच्या क्रमाने. आमचं गाव त्यात नव्हतं. मला वाटलं होतं, गावाचं नाव येईल आणि पुढे शून्य असेल. पण ग्रुपचं तसं नसतं. ढीग लावायला निदान एक तरी माणूस लागतो. एकही नसेल तर मशीन शून्यसुद्धा लिहीत नाही, असं काही गाव होतं हेच त्याला माहीत नसतं. ‘नाही’ असं कोणी म्हणालं तरी बरं वाटतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रविवारी मी बाबांकडे गेले. पांढुर्ण्याहून आईही आली होती, लोणच्याची बरणी घेऊन. अंगणात बसून मी सगळं सांगितलं. बाबांनी विचारलं, ‘म्हंजे आपलं गाव आलंच नाही?’

‘नाही आलं.’

‘मी राह्यतो ना इथं. माहा एक टाक ना.’

‘बाबा, त्यात फक्त कारखान्यातली माणसं असतात.’

बाबा उठले, विहिरीवर गेले, बादली सोडली, भरून वर घेतली आणि तशीच काठावर ठेवून उभे राहिले. आई त्यांच्याकडे पाहत होती. ठरलं होतं तसं ती म्हणू शकली असती, पण तिच्याने म्हणवेना. इतके दिवस त्या विहिरीला नावं ठेवणारी माझी आई पदराने डोळे पुसत होती.

‘मी येते इथे राहायला,’ मी म्हणाले.

हे मी ठरवून आले नव्हते. पण बोलल्यावर ते इतकं सरळ वाटलं की आधी का सुचलं नाही असं झालं. सौंसरला खोलीच तर होती. सायकलने सडकेपर्यंत जायचं, तिथून बोरगावची गाडी. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेलं तर त्या दिवशी सौंसरला मैत्रिणीकडे थांबायचं. आई म्हणाली, ‘दोघंबी बापलेकं येडे हाये.’ म्हणजे तिची हरकत नव्हती.

मी सामान हलवलं आणि मग माझा फॉर्म भरला. सध्या कुठे राहता, या प्रश्नापुढे मी आमच्या गावाचं नाव लिहिलं, आणि या वेळी दोन्ही प्रश्नांचं उत्तर तेच होतं.

महिनाअखेरीस साहेब मागे उभे असताना मी प्रश्न चालवला. बाहेरच्या उत्तरात आमचं गाव नव्हतं, ते येणारही नव्हतं. पण आधी न आलेलं एक छोटं गाव या वेळी यादीत होतं. साहेबांनी भुवई उचलली. मी सवयीने आतला प्रश्न उघडून पाहिला. लोधीखेड्याखाली, ओळीत, आमचं गाव होतं, पुढे एक. माझ्या एकटीच्या ढिगामुळे ढिगांची संख्या वाढली होती, म्हणून सरासरी केसभर खाली आली होती, आणि ते छोटं गाव, जे आधी किंचित कमी पडत होतं, ते वर निघालं होतं.

त्या संध्याकाळी बाबांना हे समजावायला मला कंदिलाची वात दोनदा वर करावी लागली. अंगणात खडे मांडून ढीग केले, सरासरी काढून दाखवली. मग एकच खडा वेगळा ठेवला आणि पुन्हा दाखवली. बाबा त्या एकट्या खड्याकडे पाहत राहिले.

‘म्हंजे आपल्यानं त्याइले गाडी भेटली?’

‘तसंच म्हणा.’

‘अन् आपलं गाव बाहेर नाही आलं?’

‘बाहेर नाही, बाबा. आत आहे.’

‘आत हाये ना? मंग झालं तं,’ ते म्हणाले आणि तो खडा त्यांनी उचलून खिशात टाकला.

तेव्हापासून हा रोजचा खेळ झाला. मी सायकल भिंतीला लावायच्या आत ते विचारत, ‘आलं का वो आज आपलं गाव?’ मी म्हणे, ‘आलं.’ ‘कुठं?’ ‘आत.’ मग ते समाधानाने विहिरीवर जात आणि मला पाय धुवायला बादली काढून देत. आई शनिवारी आली की तिच्यासमोर हा संवाद मुद्दाम मोठ्याने व्हायचा, आणि ती कपाळाला हात लावायची. बस बंद झाल्यावरही लोक अधूनमधून सायकलींवर येत राहिले, बुद्धपौर्णिमेला तर पिंपळाखाली बसायला जागा उरली नाही. पण राहायला कोणी आलं नाही. बाबा वाट पाहत होते हे मला कळे. पहाटे बसच्या वेळेला ते अजूनही सडकेकडे तोंड करून उभे राहत.

दुसरा पावसाळा संपता संपता बाबा गेले. झोपेतच गेले, दुखणं नाही की खुपणं नाही. लांबलांबून माणसं आली. मातीला एवढे लोक होते की विहिरीपल्याडची म्हातारी म्हणाली, आज गाव भरलं. सगळे दिवस उरकल्यावर आई मला म्हणाली, ‘आता तू इथं एकटी राहू नको.’ तिचं बरोबर होतं. मी दाराला कडी घातली, कुलूप लावलं आणि पुन्हा सौंसरला खोली घेतली.

कामावर गेल्यावर पहिल्याच दिवशी माझी ओळ मलाच बदलावी लागली. ते काम दुसऱ्या कोणाला सांगणार? चपला बाहेर काढल्या, स्वेटर घातला, गावाच्या जागी सौंसर टाइप केलं. मशीनने नेहमीसारखं सांगितलं की एक ओळ बदलली. मग सरांनी लावलेल्या सवयीने आतला प्रश्न चालवला. नावं उमटत गेली. लोधीखेडा आलं आणि त्याच्याखाली लगेच पुढचं गाव. मध्ये रिकामी जागासुद्धा सुटली नव्हती.

संध्याकाळी सायकलवर बसले तेव्हा पाय आपोआप जुन्या रस्त्याला वळले. नाल्यापर्यंत गेले, रपट्याशी उतरले. आज काय सांगायचं ते मी वाटेत मनात जुळवत आले होते, आणि तिथे उभी राहिल्यावर आठवलं की आता विचारणारं कोणी नाही.